‘बघून घेतली होती ना?’ : जुन्या गाडीचा व्यवहार आणि ग्राहकाचे हक्क

जुन्या चारचाकी गाडीच्या खरेदीत फसवणूक झाल्याची पत्रे या सदराकडे वर्षभर येत असतात. त्यांतील बहुतेक पत्रांत विक्रेत्याच्या तोंडचे एकच वाक्य वाचायला मिळते : ‘‘गाडी जुनीच आहे, तुम्ही स्वतः बघून, चालवून घेतली होती ना?’’ हे वाक्य ऐकले की पुष्कळ जण आपलीच चूक झाली असे समजून गप्प बसतात, आणि तक्रारीची मुदत निघून जाते. हे वाक्य कायद्यापुढे कोठे टिकते आणि कोठे टिकत नाही, हे नीट समजावे म्हणून या वेळी एकाच विषयावरची चार पत्रे घेतली आहेत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

प्रश्न : मी मुलुंडला राहतो व एका खासगी कंपनीत नोकरी करतो. यंदा फेब्रुवारीत पूर्व उपनगरातील जुन्या गाड्यांच्या एका विक्रेत्याकडून मी ४,६०,००० रुपयांना डिझेलवर चालणारी गाडी घेतली. त्यापैकी १,६०,००० रुपये रोख भरले व उरलेल्या रकमेचे कर्ज काढले. ‘फर्स्ट ओनर, ४६,००० किलोमीटर, नॉन-अॅक्सिडेंटल’ असे त्याने जाहिरातीत लिहिले होते आणि व्हॉट्सअॅपवरही कळवले होते. गाडी घरी आणल्यावर एकोणिसाव्या दिवशी घाट चढताना इंजिन तापून बंद पडले. ओळखीच्या मेकॅनिकने हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधले सील) गेल्याचे सांगितले, शिवाय मागच्या सीटखालच्या कार्पेटमध्ये सुकलेला गाळ दाखवला. त्यानंतर मी कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जुन्या नोंदी काढल्या, तेव्हा २०२३ सालीच या गाडीचे रनिंग १,१२,००० किलोमीटर झाल्याचे दिसले. विक्रेता म्हणतो की बिलावर ‘जशी आहे तशी विकली’ असे छापलेले आहे आणि मी अर्धा तास गाडी चालवून पाहिली होती. दुरुस्तीचा खर्च लाखाच्या घरात जाईल. मला पैसे परत मिळू शकतात का? तोपर्यंत कर्जाचे हप्ते थांबवले तर चालतील का?

उत्तर : आपल्या पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत, त्या आधी सोडवून घेऊ या. गाडीचे इंजिन बिघडले ही एक गोष्ट, आणि गाडीविषयी आपल्याला जे सांगितले गेले ते खरे नव्हते ही दुसरी. आपले पत्र पहिल्या गोष्टीवर भर देते, पण आपले प्रकरण उभे राहणार आहे ते दुसरीवर. वापरलेल्या गाडीत झीज असणारच, आणि नव्या गाडीइतकी निर्दोष गाडी मिळेल अशी हमी कायदा कोणालाही देत नाही. क्लच घासलेला निघाला, टायर सहा महिन्यांत बदलावे लागले किंवा बॅटरी बसली, तर त्यावरून तक्रार यशस्वी होणे कठीण असते. मात्र १,१२,००० किलोमीटर चाललेली गाडी ४६,००० किलोमीटर चालली आहे असे सांगून विकली, तर तेथे झिजेचा प्रश्न उरत नाही. ज्या माहितीवरून आपण ४,६०,००० रुपये ही किंमत मान्य केली, ती माहितीच खोटी होती. म्हणून नोटिशीत आणि तक्रारीत पहिला परिच्छेद इंजिनाविषयी नको. विक्रेत्याने काय सांगितले, कोठे व कोणत्या तारखेला सांगितले, आणि नोंदी काय सांगतात, हे त्या पहिल्या परिच्छेदात यावे. इंजिनाचा बिघाड त्या खोट्या माहितीचा परिणाम म्हणून नंतर मांडावा.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २ (४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथेची व्याख्या दिलेली आहे. वस्तू अमुक दर्जाची किंवा गुणवत्तेची आहे असे खोटे भासवणे हे त्या व्याख्येत थेट बसते. विकलेल्या वस्तूचे बिल न देणे, तसेच सदोष वस्तू बिलात लिहिलेल्या मुदतीत आणि अशी मुदत लिहिलेली नसल्यास तीस दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे, याही गोष्टी त्याच व्याख्येत मोडतात. आपल्या गाडीत बिघाड एकोणिसाव्या दिवशी दिसला, ही बाब त्यामुळे महत्त्वाची ठरते. ‘गाडी परत घ्या’ असे आपण विक्रेत्याला त्या तीस दिवसांत लेखी कळवले होते का, हे पत्रातून समजत नाही. व्हॉट्सअॅपवर एका ओळीत जरी तसे लिहिले असेल, तरी तो संदेश जपून ठेवा.

आता ‘बघून घेतली होती ना?’ या वाक्याकडे येऊ. वस्तुविक्रय अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार, अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे, अशी अट करारात न लिहिताही गृहीत धरली जाते. खरेदीदाराने माल तपासलेला असेल, तर त्या तपासणीत जे दोष दिसायला हवे होते तेवढ्यांपुरती ही अट लागू होत नाही. यातील ‘त्या तपासणीत’ हे शब्द लक्षात घ्या. अर्धा तास सपाट रस्त्यावर चालवून बंपरचा ओरखडा दिसेल, टायरची झीज दिसेल, एसी थंड करतो की नाही हे कळेल. हेड गॅस्केटची अवस्था किंवा मीटरमध्ये केलेला फेरफार त्या अर्ध्या तासात सामान्य माणसाला दिसू शकत नाही.

भारतीय करार अधिनियम, १८७२ या बाबतीत आणखी स्पष्ट आहे. कलम १९ प्रमाणे फसवणुकीने मिळवलेली संमती खरेदीदाराला रद्द करता येते. त्या कलमाच्या अपवादात असे म्हटले आहे की, संमती अजाणता केलेल्या चुकीच्या कथनामुळे किंवा कपटाने बाळगलेल्या मौनामुळे मिळालेली असेल, आणि खरेदीदाराला साधी दक्षता घेऊन सत्य शोधता आले असते, तर करार रद्द करता येत नाही. जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला मात्र हा अपवाद लागू नाही. म्हणजे विक्रेता गाडीच्या इतिहासाबद्दल केवळ गप्प राहिला असता, तर ‘तुम्हीच सर्व्हिस हिस्ट्री काढून बघायला हवी होती’ या त्याच्या म्हणण्याला काही वजन आले असते. त्याने ४६,००० हा आकडा लिहून दिला, आणि तो खोटा असल्याचे त्याला ठाऊक होते असे दाखवता आले, तर हा बचाव त्याच्या हातून जातो. बिलावरच्या ‘जशी आहे तशी’ या छापील ओळीचेही तेच आहे. ती ओळ गाडीच्या दिसणाऱ्या अवस्थेपुरती आहे, तिच्या आडून खोट्या आकड्याला संरक्षण मिळत नाही.

‘मीटर आधीच्या मालकाने फिरवला असेल, मला काय ठाऊक?’ असे विक्रेता पुढे म्हणेल, त्याचीही तयारी ठेवा. फौजदारी प्रकरणात या म्हणण्याला अर्थ आहे, कारण तेथे फसवण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. ग्राहक आयोगासमोर हा बचाव पुष्कळ दुबळा पडतो. ज्याचा रोजचा धंदाच जुन्या गाड्यांचा आहे, त्याला चासी क्रमांकावरून सर्व्हिस सेंटरच्या नोंदी मिळवणे आपल्यापेक्षा कितीतरी सोपे होते, आणि आपण ज्या नोंदी आठवड्याभरात काढल्या त्या त्याने जाहिरात देण्याआधी का काढल्या नाहीत, हा प्रश्न आपण तक्रारीतच विचारून ठेवावा.

कार्पेटखालच्या गाळाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण मुंबईत हा मुद्दा वरचेवर येतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि शहरातील असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. तेव्हापासून ‘पाण्यात गेलेली गाडी’ हा शब्दप्रयोग येथील गाडीबाजारात सर्वांच्या ओळखीचा आहे. अशी गाडी धुऊन, सुगंधी फवारे मारून, सीट कव्हर बदलून नव्यासारखी दिसते, पण काही जागा धुतल्या जात नाहीत. आपण सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहा. जो भाग नेहमी गुंडाळलेला राहतो त्यावर मातकट रंगाची आडवी रेघ दिसली, तर पाणी तेथवर चढले होते असे समजावे. सीट ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांचे बोल्ट, डॅशबोर्डखालची वायरिंगची जोडणी आणि स्टेपनीच्या खाचेचा तळ येथेही गंज किंवा गाळ राहतो. या प्रत्येक जागेचा फोटो काढा, आणि फोटोच्या चौकटीत शक्यतो गाडीचा नंबर किंवा चासी क्रमांक येईल असे पाहा. त्याचबरोबर गाडीच्या आधीच्या विमा कंपनीकडे पुराच्या नुकसानीचा दावा झाला होता का, याची लेखी विचारणा करा. कंपनीने थेट उत्तर दिले नाही, तर ही कागदपत्रे मागवण्याची विनंती आयोगाकडे करता येते.

माझी सर्वांत कळकळीची सूचना अशी की, गाडी आत्ता दुरुस्तीसाठी खोलू नका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचे प्रकरण आपल्यासारखेच होते. गाडीवाचून अडते म्हणून त्यांनी इंजिन लगेच खोलून घेतले, नवे भाग बसवले, आणि जुने भाग गॅरेजवाल्याने भंगारात दिले. त्यांच्या हाती उरले ते ‘इंजिन वर्क’ एवढेच लिहिलेले, सही-शिक्का नसलेले बिल. मूळ दोष काय होता आणि तो विक्रीच्या वेळीच होता हे सिद्ध करायला काहीच उरले नाही, आणि खरी बाजू असूनही त्यांना अगदी अल्प रकमेवर तडजोड करावी लागली. आपण गाडी उभी करून ठेवा, मीटरच्या आकड्याचा फोटो तारखेसह घ्या, आणि यापुढे ती चालवू नका. फसवणूक कळल्यानंतरही गाडी वापरत राहिल्यास आपण व्यवहार मान्य केला, असा युक्तिवाद समोरून होतो. मग अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून तपासणी करून जॉब कार्डवर लेखी निष्कर्ष घ्या. जमल्यास परवानाधारक मोटार सर्वेक्षकाचा स्वतंत्र अहवालही घ्या. ‘गॅस्केट गेले’ एवढ्याने भागत नाही. सिलिंडर हेड वाकले आहे का, कूलंटमध्ये ऑइल उतरले आहे का, गंज किती जुना दिसतो, आणि हा बिघाड दोन-तीन आठवड्यांत होण्यासारखा आहे की आधीपासूनचा, यावर त्या जाणकाराचे स्पष्ट मत अहवालात असले पाहिजे. ओळखीच्या मेकॅनिकचे म्हणणे उपयोगी आहे, पण तेही त्याच्या सहीनिशी कागदावर यायला हवे.

त्यानंतर विक्रेत्याला नोटीस पाठवा. ती वकिलाकडूनच गेली पाहिजे असे नाही. आपण स्वतः साध्या मराठीत लिहून स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशा रीतीने पाठवू शकता, आणि तीच ई-मेल व व्हॉट्सअॅपवरही टाकावी. गाडी अमुक ठिकाणी उभी आहे, आपण आपला माणूस पाठवून पंधरा दिवसांच्या आत तपासून घ्यावी, गाडी ताब्यात घेऊन संपूर्ण रक्कम परत करावी, असे त्यात स्पष्ट लिहा. तपासणीची संधी देऊनही तो आला नाही, तर पुढे ‘मला गाडी पाहूच दिली नाही’ असे त्याला म्हणता येणार नाही. याच काळात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण काही विक्रेते तेवढ्यानेही बोलणी करायला पुढे येतात. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संस्थेचे मार्गदर्शनही आपल्याला घेता येईल.

तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, आणि ती पाच लाखांपर्यंत असल्यास कोणतेही शुल्क लागत नाही. म्हणजे आपल्याला शुल्क भरावे लागणार नाही. २०१९ च्या कायद्याने दिलेली एक मोठी सोय अशी की, तक्रारदार जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथील आयोगाकडे त्याला तक्रार करता येते, त्यामुळे आपली तक्रार मुंबई उपनगर जिल्ह्याच्या आयोगाकडे दाखल होऊ शकेल. ती ‘ई-जागृती’ या संकेतस्थळावरूनही दाखल करता येते. वकील नेमण्याची सक्ती नाही. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, पण पुरावा जुना होऊ नये म्हणून तितके थांबण्यात शहाणपण नाही. तक्रारीबरोबर प्रतिज्ञापत्र, बिल, पैसे दिल्याच्या बँकेच्या नोंदी, जाहिरातीची व संदेशांची प्रत, सर्व्हिस सेंटरच्या नोंदी, तपासणी अहवाल आणि नोटिशीची पोच जोडा.

सामनेवाल्याला नोटीस मिळाल्यापासून उत्तरासाठी ३० दिवस मिळतात आणि आयोग आणखी १५ दिवसच वाढवून देऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये, जुन्या कायद्यातील अशाच तरतुदीचा अर्थ लावताना, ही मर्यादा बंधनकारक ठरवली आहे. तक्रार तीन महिन्यांत, आणि तांत्रिक तपासणी लागल्यास पाच महिन्यांत निकाली काढावी असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच अधिक काळ लागतो, आणि आपण त्या हिशेबाने मनाची तयारी ठेवावी असे मला प्रामाणिकपणे सांगावेसे वाटते. आयोगाने दोन्ही बाजूंच्या संमतीने प्रकरण मध्यस्थीकडे पाठवण्याची तयारी दाखवली तर ती नाकारू नका, कारण गाडी उभी राहून तिची किंमत रोज घटत असते.

मागणी करताना पर्यायी मागण्याही लिहा. पहिली मागणी गाडी परत घेऊन किंमत व्याजासह परत करण्याची असावी. ते मान्य न झाल्यास दुरुस्तीचा संपूर्ण खर्च आणि खोट्या रनिंगमुळे जास्त मोजलेली किंमत मिळावी, अशी दुसरी मागणी ठेवावी. मनस्तापाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागावा. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली नव्या गाडीच्या एका प्रकरणात, सदोष भाग बदलून काम होत असेल तर संपूर्ण गाडी बदलून देण्याची गरज नाही, असे म्हटले होते. समोरचे वकील त्याचा आधार घेतील. आपले उत्तर पुन्हा तेच असेल : आपली तक्रार एका भागाविषयी नसून ज्या वर्णनावर गाडी विकली त्या वर्णनाविषयी आहे, आणि गॅस्केट बदलल्याने गाडीचे लपवलेले ६६,००० किलोमीटर पुसले जात नाहीत.

कर्जाचे हप्ते मात्र कृपा करून थांबवू नका. कर्जाचा करार आपला आणि बँकेचा आहे, विक्रेत्याने केलेल्या फसवणुकीमुळे तो आपोआप संपत नाही. हप्ते चुकले तर आपली पत बिघडेल आणि बँक गाडी ताब्यात घेईल, म्हणजे आपला मुख्य पुरावाच हातचा जाईल. भरलेले व्याज नुकसानीच्या हिशेबात मागता येते, त्यासाठी बँकेचे विवरणपत्र जोडा.

राहिला पोलिसांचा प्रश्न. मीटर मुद्दाम फिरवून गाडी विकणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीचे कृत्य ठरू शकते, आणि फसवून मालमत्ता मिळवण्याच्या गुन्ह्याला सात वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. पोलीस ठाण्यात ‘हा दिवाणी वाद आहे’ असे उत्तर मिळाल्यास लेखी तक्रार देऊन पोच घ्या, त्यानंतर पोलीस उपायुक्तांकडे व पुढे दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. माझे मत असे की, एकाच विक्रेत्याने अशा अनेक गाड्या विकल्याचे दिसत असेल तर हा मार्ग अवश्य धरावा. पैसे परत मिळवण्याचा मुख्य मार्ग तरीही ग्राहक आयोगाचाच आहे, आणि दोन्ही मार्ग एकाच वेळी चालू शकतात.

प्रश्न : मी दादरला राहते. ऑनलाइन जाहिरात पाहून एका निवृत्त गृहस्थांकडून थेट गाडी घेतली. काका फार सज्जन वाटले म्हणून फारशी चौकशी केली नाही. चार महिन्यांनी बॉडी शॉपमध्ये कळले की गाडीला पूर्वी मोठा अपघात झाला होता व पुढचा सांगाडा जोडलेला आहे. ते म्हणतात, ‘‘तू विचारलेच नाहीस, बेटा.’’ मी ग्राहक आयोगात जाऊ शकते का?

उत्तर : त्या गृहस्थांविरुद्ध सहसा जाता येणार नाही. स्वतःची वापरलेली गाडी एकदा विकणारी व्यक्ती व्यापारी ठरत नाही, आणि ग्राहक कायदा व्यापारी व सेवा पुरवणारे यांच्याविरुद्ध दाद देतो. आपल्याला दिवाणी न्यायालयात करार अधिनियमाखाली नुकसानभरपाई मागावी लागेल. त्यासाठी तीन वर्षांची मुदत असते आणि फसवणुकीच्या प्रकरणात ती फसवणूक उघड झाल्यापासून मोजली जाते. वरच्या उत्तरात सांगितलेली विक्रीयोग्य दर्जाची अट खासगी विक्रेत्याला लागू होत नाही, त्यामुळे आपल्या प्रकरणात काकांनी नेमके काय सांगितले होते यावर सारे अवलंबून आहे.

ते केवळ गप्प राहिले असतील तर आपली बाजू कमकुवत आहे, हे स्पष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. पण जाहिरात पुन्हा शांतपणे वाचा. संकेतस्थळावर गाडी टाकताना ‘अपघात झाला आहे का’ असा रकाना असतो आणि तेथे ‘नाही’ असे भरलेले असू शकते. तसे असेल तर आपण विचारले नाही तरी त्यांनी सांगितलेले आहे, आणि ते खोटे आहे. जाहिरात काढून टाकली जाण्याआधी तिची छायाप्रत घ्या. संदेश ज्या फोनवर आले तो फोन बदलू किंवा रीसेट करू नका, कारण भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावे लागते आणि मूळ फोन जवळ असला की ते सोपे जाते.

ज्या संकेतस्थळावरून गाडी घेतली त्याने केवळ जाहिरात छापली होती की शुल्क घेऊन ‘तपासलेली गाडी’ असा शिक्का दिला होता, हेही पाहा. तपासणीचे आश्वासन दिले असेल तर ती एक सेवा आहे, आणि त्या सेवेतील त्रुटीबद्दल संकेतस्थळाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे जाता येईल. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे अशा संकेतस्थळाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण करणे अपेक्षित आहे, तेव्हा सुरुवात तेथून करा. भरपाईची रक्कम लहान असेल तर दिवाणी दाव्यातील वर्षे आणि खर्च तोलून पाहा. काकांना सर्व कागद दाखवून समोरासमोर बसणे, आणि ठरेल ते लिहून घेणे, हेच कदाचित आपल्या अधिक हिताचे ठरेल. त्याआधी एक काम तातडीने करा : सांगाडा जोडलेला असल्यास गाडी रस्त्यावर चालवण्यास सुरक्षित आहे का, हे अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून लेखी तपासून घ्या.

प्रश्न : भांडुपमधील एका विक्रेत्याला मी माझी जुनी गाडी सात महिन्यांपूर्वी विकली. कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या. अजून गाडी माझ्याच नावावर आहे आणि ई-चलन माझ्या मोबाइलवर येत आहेत. त्याने गाडी पुढे कोणाला तरी विकली आहे. मला काय धोका आहे?

उत्तर : धोका मोठा आहे आणि चलनाची रक्कम हा त्यातला सर्वांत लहान भाग आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ खाली ज्याच्या नावावर नोंदणी आहे तो मालक समजला जातो. अपघातात कोणी जखमी झाले किंवा दगावले आणि विमा चालू नसेल, तर भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर येते, मग गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून पुढे गेलेली असो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे.

कलम ५० प्रमाणे, गाडी त्याच राज्यात विकली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांच्या आत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. त्यासाठी अनुक्रमे फॉर्म २९ आणि फॉर्म ३० आहेत. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या वाहनांच्या विक्रेत्यांसाठी वेगळे नियमही लागू झाले आहेत. त्यांनुसार विक्रेत्याने परिवहन खात्याकडून अधिकृतता घेतली पाहिजे, आणि गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म २९सी मध्ये पोर्टलवर नोंदवली की तेव्हापासून त्या गाडीची जबाबदारी त्याच्यावर येते. आपला विक्रेता अधिकृत आहे का, हे प्रथम विचारा.

आपण आता आरटीओकडे, म्हणजे आपली नोंदणी ज्या कार्यालयात आहे तेथे, गाडी दिल्याची तारीख, पावती आणि विक्रेत्याचे नाव-पत्ता देऊन लेखी अर्ज करा व पोच घ्या. पूर्व उपनगरासाठी ते वडाळ्याचे कार्यालय असते. उशिराची सूचना ही मुळीच सूचना न देण्यापेक्षा पुष्कळ बरी. विक्रेत्याला नोटीस देऊन सध्याच्या वापरकर्त्याचे नाव मागा. ते न मिळाल्यास पोलिसांना लेखी कळवा, म्हणजे उद्या त्या गाडीचा वापर एखाद्या गुन्ह्यात झाला तर गाडी आपल्या ताब्यात नव्हती याची नोंद राहील. गाडी विकणारे म्हणून आपण ‘ग्राहक’ ठरत नसलात, तरी नाव बदलून देण्याचे काम विक्रेत्याने मोबदला घेऊन स्वीकारले असेल, तर त्या सेवेतील त्रुटीबद्दल आपण ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता.

जे वाचक अशा विक्रेत्याकडून गाडी घेतात त्यांच्यासाठी याच प्रश्नाची दुसरी बाजू : विमा पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर राहिली, तर तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीपुरते संरक्षण कायद्याने आपोआप आपल्याकडे येते, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा विमा कंपनी नाकारू शकते. गाडी नावावर होण्यासाठी थांबलात तरी विमा नावावर करून घेण्याचा अर्ज १४ दिवसांच्या आत द्या. गाडीवर जुने कर्ज होते का हे आर.सी.वर (नोंदणी प्रमाणपत्रावर) पाहा, आणि असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व कर्जाची नोंद काढण्याचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

प्रश्न : मी टुरिस्ट टॅक्सी म्हणून चालवण्यासाठी विक्रेत्याकडून जुनी गाडी घेतली. गिअरबॉक्स महिनाभरात गेला. विक्रेता म्हणतो की धंद्यासाठी घेतली असल्याने मी ग्राहक नाही. ते खरे आहे का?

उत्तर : आपण स्वतः ती गाडी चालवून पोट भरत असाल तर ते खरे नाही. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू कायद्याच्या बाहेर ठेवली आहे, पण केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरली जात नाही, असे स्पष्टीकरण व्याख्येतच दिलेले आहे. तक्रारीत ‘ही माझी एकमेव टॅक्सी असून मी ती स्वतः चालवतो व माझे कुटुंब त्यावर अवलंबून आहे’ असे वाक्य प्रतिज्ञेवर लिहा, आणि आपला वाहन चालवण्याचा परवाना, बॅज व टॅक्सीचे परमिट जोडा. पगारी चालक ठेवून दोन-तीन गाड्या चालवत असाल, तर मात्र विक्रेत्याच्या आक्षेपाला उत्तर देणे अवघड जाईल, आणि अशा वेळी दिवाणी न्यायालयाचा मार्ग आधीच विचारात घ्यावा.